माग चालू ठेवा, मालक

तो पहिल्यांदा आमचं शेड बघायला आला, तेव्हा देवळात शिरावं तसं चपला दाराबाहेर काढून आत आला. मागाच्या शेडमध्ये खाली सुताचा कचरा, तेलाचे डाग, कुठं एखादा खिळा. मी म्हटलं, "ओ, चपला घाला, पायाला लागेल काहीतरी."

"असू द्या की मालक," तो म्हणाला. "मला पायानं बरं ऐकू येतंय."

आमच्या सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात. रिक्षावाल्याला म्हणतात, पानवाल्याला म्हणतात, त्यामुळं त्याचं मला काही वाटलं नाही. पण पायानं ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. वय पस्तिशीच्या पुढं, दाढीत पांढरं दिसायला लागलेलं, डोकं मात्र न्हाव्याकडून आत्ताच उठून आल्यासारखं. माग चालू होते. तो मधल्या बोळात डोळे मिटून उभा राहिला तो हलेचना. मी मनात म्हटलं, झालं, येडं आलं.

मी चौथीत शाळा सोडली. त्याच्याबद्दल लिहायला शहाणी माणसं पुष्कळ आहेत, पेपरात त्यांनी लिहिलं पण. पण त्यांनी त्याला स्टेजवर बघितलाय, लाइटीत. मी त्याला माझ्या शेडमध्ये बघितलाय, मांडी घालून कडक भाकरी मोडताना. तेव्हा खरं काय ते मीच लिहिणार, आणि मला जसं येतं तसं लिहिणार.

आमचं शेड आधी आठ मागांचं. चादरीचा धंदा उतरला तसे चार माग भंगारात गेले, चार राहिले. ते चार मी चालवतो, कांड्या आमची घरची भरते. कांडी म्हणजे सुताची भरलेली नळी, ती धोट्यात बसते आणि धोटा इकडून तिकडं पळतो. निम्मं शेड रिकामं पडलं होतं म्हणून भाड्यानं द्यायचं ठरवलं. फरशीवाला येऊन गेला, सुताचा व्यापारी येऊन गेला. सगळ्यांचं एकच म्हणणं, मधे भिंत घाला, आवाज सहन होत नाही. मी म्हटलं, घालू. आणि ह्या बाबाला सांगायला गेलो तर तो उसळलाच.

"भिंत? भिंत घातली तर मी येत न्हाई. मला रिकामी जागा नको मालक, मला हे पाहिजे." आणि चालत्या मागाकडं हात केला.

"काय धंदा हाय तुमचा?" मी विचारलं.

"बँड हाय."

"लग्नाचा?"

तेवढ्यात आमची घरची चहा घेऊन आली आणि त्याला बघून दारातच थांबली. निम्मा चहा बशीत. "अहो," ती मला म्हणाली, "ह्यो त्योच की! गाडी चुकलेल्या गाण्यातला!"

ते गाणं माहीत नाही असा माणूस तेव्हा आमच्याकडं नव्हता. बसस्टँडवर एका माणसाची शेवटची गाडी चुकते, एवढंच गाणं. पण वरातीत तेच, गणपतीत तेच, रिक्षात तेच. त्याच्या बँडचा तो पहिला अल्बम, त्यात आणखीही गाणी होती म्हणतात, पण लोकांनी ते एकच पकडलं आणि मोबाइलवर सगळ्या महाराष्ट्रात गेलं. गिटार, ड्रम, आणि मधेच हलगी. रॉक म्हणतात त्याला. मला त्यातलं काही कळत नाही असं लोक म्हणतात. मला सगळं कळतं, मी फक्त बोलत नाही.

जागा त्याला दिली, भिंत न घालता. गंमत अशी, त्या गाण्यावर तो स्वतः मनातून नाराज. एकदा आमच्या गल्लीतून वरात चालली होती, तेच गाणं लागलेलं, नवरदेवाचा मामा रुमाल फिरवत नाचत होता. हा शेडच्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मालक, ह्या गाण्यातल्या माणसाची आई दवाखान्यात हाय. त्याची शेवटची गाडी चुकली. आणि हे बघा, कसले नाचलालेत!"

"मग वाजवायचं कशाला एवढं जोरात?" मी म्हटलं.

"ते बी खरंय," म्हणाला.

त्याचा बाप कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. हातोड्यांच्या आवाजात वाढलेला माणूस. आई मंगळवेढ्याकडची, तिकडून ज्वारी यायची, आणि त्या ज्वारीची कडक भाकरी नि शेंगाची चटणी हे त्याचं जेवण, बारा महिने. मोठमोठ्या हॉटेलात उतरला तरी बॅगेत भाकरी. आमच्या घरचीनं एकदा कौतुकानं पुरणपोळी दिली तर तिच्यावर पण चटणी घातली. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सगळ्या बँडनं केस कापायचे, हा त्याचा नियम. केस आवाज खातात म्हणे. गिटारवाल्याचे केस खांद्यापर्यंत, पोरी बघायच्या असले. तो रडकुंडीला आला. "दादा, केसानं काय होतंय हो?"

"तुझ्या डोक्यात आधीच काय शिरत न्हाई," हा म्हणाला, "वरून आणि झाकण कशाला?"

माझ्या मागांना त्यानं नावं ठेवली. आवाजावरून. एक थोरली आत्या, एक धाकटी आत्या, एक मावशी, आणि चौथा बिनकामाचा जावई. चौथा खरंच कुरकुरायचा, मी ते त्याला सांगितलं नव्हतं. थोरल्या आत्यावर त्याचा जीव. तिला तेल घालायला त्यानं मला हात लावू दिला नाही, स्वतः घालायचा, आणि जास्त घालायचा. चादरीवर डाग पडला की मी शिव्या द्यायचो. तो म्हणायचा, "आत्याला समाधान वाटलं की नाही ते सांगा." आता असल्या माणसाला काय सांगायचं?

नवीन चाल बसली की मोबाइल खिशात घालून, त्यात ती चाल वाजत ठेवून, तो कोपऱ्यावरच्या कँटीनमध्ये जाऊन बसायचा. चहा पीत लोकांकडं बघायचा. मी एकदा बरोबर गेलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पाय ठेक्यात हलायला लागला. मी खूश. म्हटलं, "बघ, आवडलं की त्याला."

"बिघडलं," तो म्हणाला आणि चहा टाकून उठला.

"अरे, पाय हलला!"

"पाय गेल्या वेळेला बी हलला होता. ह्या वेळेला मला पाय नको. कपाचा हात मधेच थांबला पाहिजे."

हे त्याचं दुसरं काम, ज्याच्यासाठी तो आमच्याकडं आला होता. पहिला अल्बम एवढा चालल्यावर दुसरा काय काढणार, सगळे वाट बघत होते. आणि त्यानं ठरवलं काय, तर गाणी काढायचीच नाहीत. एकच गाणं. पाऊण तासाचं. सकाळी मागाचं हँडल ओढल्यापासून संध्याकाळी माग बंद होईपर्यंतचा एक दिवस. मधे कुठं तोडायचं नाही, आणि खाली सगळा वेळ माग चालू. गिटारीच्या खाली माग, हलगीच्या खाली माग.

मुंबईहून गाणी काढणाऱ्या कंपनीचा एक साहेब यायचा. माणूस वाईट नव्हता. शेडमध्ये कानात बोटं घालून उभा राहायचा आणि बाहेर आल्यावर आमच्यासारखंच ओरडून बोलायचा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, एक गाडी चुकली ना? आता दुसरी चुकवा. रेल्वे चुकवा, विमान चुकवा. लोकांना तेच हवंय."

"माणूस किती वेळा गाडी चुकवणार साहेब?" हा म्हणाला. "शेवटी घरी यायला पाहिजे की."

साहेबानं मग स्पष्ट सांगितलं. हे पडलं तर कंपनी पुढं काही काढणार नाही. गिटारवाल्याला पुण्याहून बोलावणं आलं होतं. ड्रमवाला आधी लग्नाच्या बँडात होता, त्याची तिथली जागा अजून रिकामी होती. म्हणजे हे पडलं की बँड मोडला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो रोज सकाळी येऊन चपला काढून म्हणायचा, "माग चालू ठेवा, मालक."

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. सगळ्यांची डोकी तासलेली. गिटारवाल्याला मी ओळखलंच नाही. जिथं तिथं माइक टांगलेले, थोरल्या आत्याच्या डोक्यावर दोन. मला काम असं दिलं होतं, की चारही माग चालू ठेवायचे, आणि शेवटाकडं तो भुवई उडवेल तसा एकेक बंद करायचा. शेवटी थोरली आत्या एकटी चालत राहणार, त्याच्यावर तो हळू आवाजात गाणार, मग सगळी वाद्यं एकदम उठणार. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "काय वाट्टेल ते होऊ द्या मालक, आत्या चालू असताना जागेवरून हलायचं न्हाई."

"मी काय ल्हान हाय?" मी म्हटलं.

सगळं नीट चाललं. जावई बंद केला, मावशी बंद केली, धाकटी बंद केली. थोरली एकटी, खटाक्‌-खट, खटाक्‌-खट. तो गायला लागला. विणकराची बायको दारात उभी राहून दिवे लागायची वाट बघतीय, असं काहीतरी होतं. मी खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला.

आणि बाण्याचा धागा तुटला.

आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. हँडल खाड्‌कन सुटतं. आता हे ज्यानं माग चालवलाय त्यालाच कळेल. आमच्या गल्लीत चालू मागाचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. लहान बाळं त्यात झोपतात. ऐकू येतं ते थांबलेलं. माग थांबला की झोपलेला माणूस उठून बसतो, जेवणारा घास ठेवतो. हात आपला आपण हँडलकडं जातो, विचारायला थांबत नाही.

मी उठलो. धोटा काढला, कांडी बदलली, "हात्तिच्या" असं तोंडातून निघालं असेल, धागा लावला आणि हँडल ओढलं. खटाक्‌-खट. तेवढा वेळ सगळं शेड गप्प. माइक सगळे चालू. तो डोळे मिटून तोंड उघडं ठेवून उभा. आणि माग सुरू झाला तसा ड्रमवाला, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, सगळ्या ताकदीनं आत घुसला, त्याच्यामागं गिटार, त्याच्यामागं हलगी, आणि हा असा काही गायला की पत्र्यावरची धूळ खाली आली.

संपल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मामा!" गिटारवाला ओरडला. "काय केलंत हो? सगळं वाया गेलं!"

"माग थांबला होता," मी म्हटलं.

"रेकॉर्डिंग चालू होतं!"

"आणि माग बंद होता. दिसत न्हवतं तुला?"

काही लोक अजून म्हणतात मी चुकलो. मी म्हणत नाही. थांबलेल्या मागासमोर स्टुलावर बसून राहणारा माणूस आमच्या घरात जन्मला नाही.

हा मात्र आत्याजवळ गेला, बंद केलेल्या मागाच्या लाकडावर कान ठेवून उभा राहिला. ड्रमवाला म्हणाला, "दादा, परत पहिल्यापासून घ्यायचं का?"

"न्हाई," तो म्हणाला. "हेच."

साहेब आला, त्यानं ऐकलं, आणि त्या ठिकाणी हात वर केला. "हे काय? इथं आवाज गेलाय. आणि हे कोण खोकतंय?"

"खोकला न्हाई," मी म्हटलं. "मी हाय तो."

"हे काढा. बाकी ठेवतो, मी भांडतो वर तुमच्यासाठी. पण एवढं काढा. लोकांना वाटेल मोबाइल बंद पडला. पुढं ऐकणारच नाहीत."

"ते काढलं तर बाकीच्यात काय ऱ्हायलं?" हा म्हणाला. दोघांची जुंपली. साहेब म्हणाला, हे काढल्याशिवाय बाहेर येणार नाही. हा म्हणाला, मग नको येऊ दे. गिटारवाला डोकं धरून बसला, आणि धरायला केस पण नव्हते.

शेवटी हाच म्हणाला, "साहेब, आमच्या गल्लीला ऐकवू. सुट्टीच्या वारी, मांडव घालून. पाऊण तास लोक बसले तर तुम्ही गप बसायचं. मधे उठले तर मी कापतो."

"उठले तर कापणार? सगळ्यांसमोर बोलताय."

"सगळ्यांसमोर बोलतोय."

मी त्याला बाजूला ओढला. "डोस्कं फिरलंय का बे तुझं? हितली माणसं लग्नात अक्षता पडेपर्यंत एका जागी बसत न्हाईत!"

"माहिताय," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्यानं भाकरीचा डबा उघडला नाही. दोन वर्षांत तो एकच दिवस.

आठवड्याच्या सुट्टीला आमची गल्ली मेल्यासारखी गप असते. त्या गप्प गल्लीत दुपारी मांडव पडला, लग्नाच्या खुर्च्या आल्या, दोन मोठे स्पीकर आले. सगळी गल्ली जमली. पुढच्या रांगेत समोरच्या घरची म्हातारी, सगळ्या गल्लीची अव्वा म्हणजे आजी, जन्मभर कांड्या भरलेली, दोन्ही कानांनी कमी ऐकणारी, कानामागं हात धरून. साहेब एका बाजूला खांबाला टेकून. आणि हा सगळ्यात मागं, अनवाणी, मांडवाचा बांबू दोन्ही हातांनी धरून.

गाणं सुरू झालं. पहिला माग वाजला तसा एकजण ओरडला, "आयला, सुट्टीच्या दिवशी पण माग?" सगळे हसले. कुणीतरी "गाडी चुकलेलं लावा की!" म्हणालं. मी मागं वळून बघितलं नाही. मला बघवत नव्हतं.

पण हळूहळू बडबड कमी झाली. दुपारच्या जेवणाचं आलं, कारखान्यातनं कमी झालेल्या माणसाचं आलं, हलगी वाजली. एकजण चहा देत फिरत होता, त्याला कुणीतरी दंडाला धरून खाली बसवलं. मग एकेक माग बंद होत गेला. थोरली आत्या एकटी राहिली. त्याचा आवाज हळू झाला. दारात उभ्या बाईचं आलं. आमची घरची पदर तोंडाला लावून बसली होती.

खाड्‌.

सगळी गल्ली उठली.

एकजण नाही, दहाजण नाही. सगळी. खुर्च्या मागं पडल्या. बाया उठल्या, म्हातारे उठले, ज्यांनी माग विकून पाच-पाच वर्षं झाली ते उठले. हात पुढं, मान वळलेली, कुठला माग थांबला ते शोधतायत. अव्वा तर दोन पावलं स्पीकरपर्यंत गेली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "कोण रे त्यो, माग बंद ठिवून बसलाय?"

मला ठाऊक होतं काय होणार आहे. माझ्याच हातानं झालेलं. तरी मी उठलो. पहिला मी उठलो, हे लिहून ठेवतो.

"उठले!" साहेब तिकडून ओरडला. "दादा, उठले! सगळे उठले!"

स्पीकरमधून मी "हात्तिच्या" म्हणालो. हँडल ओढल्याचा आवाज आला. खटाक्‌-खट.

आणि सगळी गल्ली खाली बसली. ज्यांच्या खुर्च्या पडल्या होत्या ते जमिनीवर बसले. मग ड्रम घुसला, गिटार घुसली, त्याचा तो आवाज मांडव फाडून वर गेला, आणि शेवटपर्यंत कुणी पापणी हलवली नाही.

संपल्यावर टाळ्या नाहीत, काही नाही. साहेब खांब सोडून मधे आला. आमच्या तोंडांकडं बघत होता. बघता बघता त्याचं आपलं तोंड बदललं. ह्यानं मागून विचारलं, "साहेब, उठले ते खरं. पण गेलं का कोण?"

"नाही गेलं," साहेब म्हणाला. नाक ओढलं. "कापू नका. एक सेकंद कापू नका. वर काय सांगायचं ते मी बघतो."

तेव्हा कुठं गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आणि असल्या वाजवल्या की पलीकडच्या गल्लीतले लोक काय झालं म्हणून पळत आले. गिटारवाल्यानं मला उचललं. ह्या वयात. मी त्याला म्हटलं, खाली ठेव, शिव्या देताना उचललं नव्हतंस. तो हसत होता आणि रडत होता. आमचा भाडेकरू मात्र बांबूपाशीच बसकण मारून बसला, आणि आमच्या घरचीनं त्याच्या हातात भाकरी आणून दिली, वर चटणी घालून, न मागता.

ते बाहेर पडलं आणि पहिल्यापेक्षा जास्त चाललं. वरातीत कुणी लावत नाही, लावू पण नये. पण कॉलेजातली पोरं, ट्रक ड्रायव्हर, परदेशात गेलेले आपले लोक, पाऊण तास सगळं ऐकतात. बँड मोडला नाही. पुण्याचं बोलावणं आता सगळ्या बँडलाच आलं, तसे ते पुण्याला गेले. शेडची ती बाजू मी अजून कुणाला दिली नाही. विचारायला येतात. भिंत मागतात.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. मागं नुसता समुद्रासारखा आवाज. पुण्यात मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता, गाणं चालू असतानाच स्टेजमागचा एक माणूस त्याचा फोन धरून उभा होता म्हणे. मला गाणं ऐकू आलं, मग खाड्‌ ऐकू आलं, आणि मग काहीच नाही.

"काय बे, फोन कट झाला का?" मी ओरडलो.

तो माणूस हळूच म्हणाला, "न्हाई मामा. सगळं मैदान उठून उभं ऱ्हायलंय. दादांनी तुम्हाला ऐकवा म्हणून सांगितलं होतं."

ज्यांनी जन्मात माग बघितला नाही असली हजारो माणसं. मी फोन कानाला घट्ट धरला. घरची जवळ येऊन उभी राहिली. तिकडं हँडल ओढलं, खटाक्‌-खट सुरू झालं, आणि पब्लिकनं जो आवाज केला तो ह्या घरात भिंतींना लागला. उभ्यानंच नाचत होते, ओरडत होते, बसायचं नाव नाही.

"मामा, ऐकलं का? अजून उभेच हायेत सगळे!"

"मग बसायला सांग की त्यांना," मी म्हटलं. "माग चालू झालाय."